पादत्राणांचा दर्जा : सक्ती कोणावर, संरक्षण कोणाला?

भात, तलाव आणि वने ही गोंदिया जिल्ह्याची ओळख होय. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट आणि पूर्वेस छत्तीसगड यांच्या सीमांना तो लागून आहे. पादत्राणांच्या उत्पादनासाठी हा जिल्हा प्रसिद्ध नाही. येथील बाजारपेठेत आणि गावोगावच्या आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या चपला, सँडल व बूट बहुतांशी बाहेरून येतात. त्यामुळे पादत्राणांच्या दर्जाचा विचार करताना हा जिल्हा मुख्यतः ग्राहकांचा जिल्हा ठरतो. उत्पादकांवर कोणते बंधन असावे, या प्रश्नाचा सर्वाधिक संबंध ज्यांच्याशी पोहोचतो असे ग्राहक येथे आहेत.

या जिल्ह्यातील श्रमजीवी माणसाच्या दृष्टीने पादत्राण हे कामाचे साधन आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलाने भरलेल्या बांधीत उतरताना चप्पल धुऱ्यावर काढून ठेवावी लागते हे खरे. पण त्या धुऱ्यापर्यंत आणि तेथून संध्याकाळच्या अंधारात घरापर्यंतची वाट साप, विंचू व काट्यांची असते. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्ता संकलनासाठी स्त्री-पुरुष पहाटेपासून जंगलात जातात आणि परतताना जमीन तापलेली असते. राईस मिलमधील हमाल पाठीवर पोते घेऊन चालतो, तेव्हा त्याच्या तळव्याखालचा सोल घसरला तर तोल जाण्यास क्षणही लागत नाही. तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. अशा प्रकल्पांत यंत्रे, लोखंड आणि कोळसा यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्याच्या पायाची बोटे त्याच्या बुटाच्या टोकातील कवचावर विसंबून असतात. पादत्राण निकृष्ट निघाले तर त्याची किंमत पैशांतच मोजून भागत नाही.

डोळ्यांना न दिसणारा दोष

धान्य हातात घेऊन पाहता येते, कापड ओढून पाहता येते. पादत्राणाचे तसे नाही. त्याचे दोष आत दडलेले असतात. हवाई चपलेचा सोल रबराचा असतो. पण त्यात रबर किती आणि वजन वाढविण्यासाठी घातलेली भुकटी किती, हे पाहून कळत नाही. रबर घट्ट करण्यासाठी द्यावी लागणारी उष्णता व दाब योग्य प्रमाणात मिळाला नसेल, तर नवी कोरी दिसणारी चप्पल एका उन्हाळ्यात आकसते, तिच्या कडा वर वळतात आणि पट्ट्याचे भोक फाटते. बुटाचा वरचा भाग आणि सोल यांना जोडणारे सोल्यूशन कच्चे असेल, तर पहिल्याच पावसात बूट तोंड उघडतो. चामडे टिकविण्यासाठी वापरलेली रसायने आणि अस्तराला दिलेले रंग घामाबरोबर त्वचेत उतरू शकतात. याचा पत्ता ग्राहकाला कधीच लागत नाही.

महाग वस्तू चांगली असणारच, असेही म्हणता येत नाही. नामांकित कंपनीच्या शिक्क्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या वस्तू बाजारात असतात. औद्योगिक बुटाच्या टोकाशी पोलादी कवच आहे की पत्र्याची पातळ पट्टी आहे, हे बोटांवर जड वस्तू पडल्यावरच कळत असेल तर ते कळून उपयोग नाही. म्हणूनच अशा वस्तूची परीक्षा विक्रीपूर्वी, तज्ज्ञांकडून आणि ठराविक पद्धतीने व्हावी लागते. मानक आणि प्रमाणीकरण यांची गरज येथे निर्माण होते.

मानक चिन्हाची वाटचाल

भारतात हे कार्य स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सुरू झाले. ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था अस्तित्वात आली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे ‘आय.एस.आय.’ हे नाव रूढ झाले आणि तिच्या चिन्हाला लोक आजही याच नावाने ओळखतात. १९५२ साली प्रमाणचिन्हासंबंधीचा कायदा झाला आणि १९५५ पासून प्रमाणीकरणाची योजना प्रत्यक्षात आली. पुढे १९८६ च्या कायद्यान्वये संस्थेचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले व १ एप्रिल १९८७ पासून ब्यूरोने काम हाती घेतले. सध्याचा कायदा २०१६ सालचा असून तो १२ ऑक्टोबर २०१७ पासून अंमलात आला.

मानक आणि सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मानक म्हणजे वस्तू कशी असावी व ती कशी तपासावी याचे लेखी वर्णन. उत्पादक, ग्राहक, शास्त्रज्ञ आणि शासकीय विभाग यांच्या प्रतिनिधींच्या समित्या ते तयार करतात. असे मानक प्रसिद्ध झाले म्हणून प्रत्येकाने ते पाळलेच पाहिजे असे नसते. ज्याला चिन्ह हवे तो स्वेच्छेने परवाना घेतो. मात्र लोकहित, मानवी आरोग्य, पर्यावरणाचे रक्षण, अनुचित व्यापाराला आळा किंवा राष्ट्रीय सुरक्षा या कारणांसाठी केंद्र शासन कायद्याच्या १६ व्या कलमान्वये एखाद्या वस्तूवर मानक चिन्ह अनिवार्य करू शकते. अशा आदेशाला गुणवत्ता नियंत्रण आदेश म्हणतात. आदेश लागू झाल्यावर त्या वस्तूचे चिन्हाविना उत्पादन, आयात, साठवणूक किंवा विक्री करणे हा गुन्हा ठरतो. २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. पुढील गुन्ह्यांसाठी दंडाची किमान मर्यादा पाच लाख रुपये ठेवण्यात आली.

पादत्राणांवरील सक्ती

पादत्राणांच्या बाबतीत केंद्र शासनाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने २७ ऑक्टोबर २०२० रोजी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. एक आदेश चामडे व इतर साहित्यापासून बनविलेल्या पादत्राणांसंबंधी, दुसरा संपूर्ण रबरी व बहुवारिक, म्हणजे सामान्य भाषेत प्लॅस्टिकसारख्या, साहित्याच्या पादत्राणांसंबंधी आणि तिसरा कामगारांच्या संरक्षक पादत्राणांसंबंधी होता. निकृष्ट आयातीला आळा घालणे आणि देशी मालाचा दर्जा उंचावणे हे दोन्ही हेतू त्यामागे होते.

आदेश निघाले तरी सक्ती लगेच सुरू झाली नाही. देशातील पादत्राण उद्योग प्रचंड असला तरी त्यातील बहुसंख्य घटक लहान आहेत. तपासणीच्या सोयी सर्वत्र नाहीत. उद्योगाने वेळ मागितला आणि अंमलबजावणीची तारीख पुढे जात राहिली. अखेर १ जुलै २०२३ पासून मोठ्या व मध्यम उत्पादकांना तसेच आयातदारांना २४ प्रकारच्या पादत्राणांसाठी व संबंधित वस्तूंसाठी हे बंधन लागू झाले. लघुउद्योगांना १ जानेवारी २०२४ पर्यंत आणि सूक्ष्म उद्योगांना १ जुलै २०२४ पर्यंत मुदत देण्यात आली होती. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये सुधारित आदेश निघाले व ते १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. त्या वेळी वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपेक्षा कमी असलेल्या उत्पादकांना या बंधनातून वगळण्यात आल्याचे ब्यूरोने जाहीर केले. व्यापाऱ्यांकडील जुना साठा नोंदवून ठराविक काळात विकण्याची मुभाही देण्यात आली. केवळ निर्यातीसाठी तयार होणारा माल या आदेशांच्या कक्षेबाहेर आहे.

या घटनाक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सक्तीचा रोख मोठा कारखानदार आणि आयातदार यांच्यावर आहे. गावात रापी आणि आरी घेऊन बसलेल्या चर्मकाराला परवान्यासाठी धावपळ करायला लावणे हा तिचा उद्देश नाही.

कसोट्यांमागील अर्थ

प्रत्येक प्रकारच्या पादत्राणासाठी स्वतंत्र मानक असते व त्याला क्रमांक असतो. रबरी हवाई चपलेसाठी आय.एस. १०७०२, सँडल व स्लिपरसाठी आय.एस. ६७२१, औद्योगिक वापराच्या रबरी बुटांसाठी आय.एस. ५५५७, पी.व्ही.सी. बुटांसाठी आय.एस. १२२५४, क्रीडा पादत्राणांसाठी आय.एस. १५८४४ ही त्यांची उदाहरणे होत. सफाई कामगारांच्या पादत्राणांसाठीही आय.एस. १६९९४ हे स्वतंत्र मानक आहे.

हे क्रमांक कोरडे वाटले तरी त्यांमागील कसोट्या रोजच्या अनुभवातून आलेल्या आहेत. उन्हात चप्पल आकसते, म्हणून सोलचा तुकडा ठराविक तापमानात ठेवून तो किती आकुंचन पावतो हे मोजतात. चालताना सोल पुनःपुन्हा वाकतो, म्हणून यंत्रावर नमुना हजारो वेळा वाकवून त्याला चीर जाते का ते पाहतात. रस्त्यावर टाच झिजते, म्हणून खरखरीत पृष्ठभागावर घासून झीज मोजतात. बूट तोंड उघडतो, म्हणून वरचा भाग व सोल एकमेकांपासून ओढून जोडाची ताकद पाहतात. रबर लवकर जुने होते, म्हणून ते काही काळ उष्णतेत ठेवून त्याची लवचिकता कितपत टिकली याची नोंद करतात.

संरक्षक बुटांची परीक्षा याहून कठोर आहे. आय.एस. १५२९८ या मानकाच्या दुसऱ्या भागात सुरक्षा पादत्राणांचा विचार केला आहे. त्यांच्या टोकातील कवचाने २०० ज्यूल एवढा आघात सहन केला पाहिजे. सुमारे वीस किलोग्रॅम वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडल्यास जो आघात होतो, तेवढा हा आघात असतो. शिवाय पंधरा किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतक्या दाबाखाली कवच चेपून बोटे चिरडली जाता कामा नयेत. याच मानकाच्या तिसऱ्या भागातील पादत्राणांसाठी आघाताची मर्यादा १०० ज्यूल आहे. चौथ्या भागातील पादत्राणांना कवचाची अट नाही. दुकानात हे तिन्ही बूट सारखेच काळे आणि सारखेच जड दिसू शकतात. कामाचे स्वरूप पाहून योग्य भागाचा बूट निवडणे ही मालकाची व कंत्राटदाराची जबाबदारी आहे. वजन उचलण्याच्या कामावरील मजुराला चौथ्या भागाचा बूट दिला, तर बुटावर मानक चिन्ह असूनही त्याची बोटे उघडीच राहिली असे म्हणावे लागेल.

परवान्याची पद्धत

परवाना हवा असलेला उत्पादक ब्यूरोच्या ‘मानक ऑनलाइन’ या संकेतस्थळावर अर्ज करतो. कारखान्यातील यंत्रसामग्री, कच्चा माल, तपासणीची व्यवस्था आणि उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावरील नोंदी यांची माहिती द्यावी लागते. ब्यूरोचे अधिकारी कारखान्याला भेट देतात, नमुने घेतात आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल अर्जासोबतच जोडल्यास सरळ पद्धतीने सुमारे ३० दिवसांत परवाना देण्याचीही व्यवस्था आहे. प्रारंभी परवाना एक ते दोन वर्षांसाठी असतो. पुढे पाच वर्षांपर्यंत त्याचे नूतनीकरण होऊ शकते. विदर्भातील उत्पादकांसाठी ब्यूरोचे शाखा कार्यालय नागपूर येथे आहे.

परवाना मिळाला म्हणजे उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, उलट येथून ती सुरू होते. पुढील काळात कारखान्यातून तसेच बाजारातून नमुने घेऊन तपासले जातात. माल मानकानुसार नसल्याचे आढळल्यास चिन्ह वापरणे थांबविण्याचा, विक्री रोखण्याचा आणि बाजारातील माल परत घेण्याचा आदेश देता येतो. मानक चिन्ह असूनही वस्तू मानकानुसार नसेल, तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूदही २०१६ च्या कायद्यात आहे.

या सर्व व्यवस्थेला खर्च येतो. हा खर्च लहान उद्योगावर अधिक जड पडतो, हे ओळखून किमान वार्षिक चिन्हांकन शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ५० टक्के व मध्यम उद्योगांना २० टक्के सवलत देण्यात आली. महिला उद्योजकांसाठी आणखी १० टक्के सवलतीची तरतूद करण्यात आली.

सीमेपलीकडील धडा

दर्जाची तपासणी केव्हा व्हावी, याचा धडा गोंदियाच्या शेजारी राज्यात मिळाला. मध्य प्रदेश शासनाने २०१८ साली ‘चरण पादुका’ या नावाने तेंदूपत्ता संकलन करणाऱ्या लक्षावधी आदिवासी व ग्रामीण श्रमिकांना बूट व चपला वाटल्या. त्याच्या कितीतरी आधी, २००५ साली, छत्तीसगडात याच नावाची योजना सुरू झाली होती. अनवाणी जंगलात जाणाऱ्या माणसाच्या पायांत काही असावे, हा विचार सर्वस्वी स्तुत्य होता. परंतु मध्य प्रदेशातील वाटप चालू असतानाच काही बुटांच्या आतील तळव्यात घातक अझो रंग आढळल्याचा चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचा तपासणी अहवाल प्रसिद्धीस आला आणि मोठा वाद निर्माण झाला. वाटलेली पादत्राणे सुरक्षित असल्याची बाजू शासनाच्या वतीने मांडण्यात आली.

वादातील बाजू कोणतीही असो, या घटनेने एक व्यावहारिक प्रश्न सर्वांपुढे ठेवला. काही अझो रंगांचे विघटन होऊन कर्करोगाला कारण ठरू शकणारी अमाइन संयुगे तयार होतात. अशा रंगांच्या हाताळणीवर भारतात १९९० च्या दशकातच निर्बंध घालण्यात आले. जर्मनीने तर १९८९ साली चामड्यातील पेंटाक्लोरोफेनॉल या रसायनावर आणि पुढच्या दशकात अशा रंगांवर निर्बंध आणले. त्याचा फटका भारतातील चर्मनिर्यातीला बसला व येथील कारखान्यांना आपल्या पद्धती बदलाव्या लागल्या. परदेशातील ग्राहकाच्या पायासाठी जी काळजी घेणे उद्योगाला भाग पडले, तीच काळजी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या पायासाठीही घेतली गेली पाहिजे. त्यासाठी अहवाल वाटपानंतर येऊन चालत नाही. गोदामातून माल बाहेर पडण्यापूर्वी तो तपासला गेला तरच तपासणीचा उपयोग होतो.

सार्वजनिक खरेदीची जबाबदारी

हाच विचार महाराष्ट्रातील शालेय बुटांनाही लागू पडतो. २०२३ साली राज्य शासनाने शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये मंजूर करण्यात आले. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या लहान शाळेच्या दृष्टीने ही मोलाची मदत होय. परंतु एवढ्या रकमेत बूट निवडताना भाव, माप आणि टिकाऊपणा यांची सांगड घालणे सोपे नाही. दोन महिन्यांत फाटणारा बूट स्वस्त पडत नाही. मापाने लहान असलेला बूट तर मुलाच्या पायाला अपायच करतो.

सामूहिक खरेदी करणाऱ्या संस्थेच्या हाती एकट्या ग्राहकाला नसलेली एक शक्ती असते. ती पुरवठादाराकडे चिन्हांकित मालाची किंवा प्रयोगशाळेच्या अहवालाची मागणी करू शकते. नमुन्याची एक जोडी मोहोरबंद करून ठेवता येते आणि आलेला माल त्याच्याशी ताडून पाहता येतो. ग्रामपंचायतीने सफाई कामगारांसाठी घेतलेले गमबूट असोत, वनविभागाच्या मजुरांचे बूट असोत की शाळकरी मुलांचे. खरेदीच्या कागदावर मानकाचा क्रमांक लिहिणे ही संरक्षणाची पहिली पायरी होय.

लहान कारागिराचे स्थान

या साऱ्यात हाताने चपला बनविणाऱ्या कारागिराचे काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. कारखान्याच्या स्वस्त प्लॅस्टिक चपलेने त्याची गिऱ्हाइके पूर्वीच ओढून नेली आहेत. त्यातच कागदपत्रांचे ओझे वाढले, तर त्याला केवळ दुरुस्तीच्या कामावर निर्वाह करावा लागेल. उलाढालीच्या मर्यादेखालील उत्पादकांना वगळण्यामागे हीच जाणीव आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा १० कोटी आणि लघुउद्योगाची १०० कोटी रुपये करण्यात आली. या व्याख्येतील मर्यादा आणि पादत्राण आदेशाच्या वेळी जाहीर झालेली ५० कोटींची मर्यादा या वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवावे. आपला व्यवसाय कोणत्या वर्गात मोडतो हे दाखविण्यासाठी लहान घटकांनी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवणे हिताचे आहे.

सवलत ही ढाल आहे. पण पुढे जाण्यासाठी केवळ ढाल पुरत नाही. महाराष्ट्रात चर्मोद्योगाच्या विकासासाठी १ मे १९७४ रोजी महामंडळाची स्थापना झाली. आज ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ या नावाने ओळखले जाते. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या गटई कामगारांना ऊनपावसापासून आडोसा मिळावा म्हणून पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना समाजकल्याण विभागामार्फत राबविण्यात आली. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला आणि त्यांत पादत्राणे बनविणारे कारागीरही आहेत. या योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाचे कर्ज अशा तरतुदी करण्यात आल्या.

दर्जाची ओळख मिळविण्याचा दुसराही एक मार्ग आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांपुरता तो मर्यादित आहे. भौगोलिक निर्देशांक वस्तूचे मूळ स्थान व परंपरा सांगतो. मानक चिन्ह तिच्या कसोटीवरील कामगिरीची ग्वाही देते. दोहोंचा हेतू एकच आहे. खरी वस्तू बनविणाऱ्याला तिचे श्रेय व दाम मिळावे आणि नकली वस्तू बनविणाऱ्याला ते मिळू नये. गोंदियातील कारागिराजवळ असा निर्देशांक नसला तरी चांगले चामडे, पक्की शिलाई, योग्य माप आणि विक्रीनंतर दुरुस्तीची हमी या गोष्टी त्याच्या हाती आहेत. अनेक कारागीर एकत्र आले व त्यांनी एकाच फर्म्यावर, एकाच प्रतीच्या सोलवर माल तयार केला, तर स्वेच्छेने मानक चिन्ह घेण्याचा आणि सार्वजनिक खरेदीत उतरण्याचा विचार करता येतो.

ग्राहकाने काय पाहावे?

मानक चिन्ह खरे की खोटे हे ओळखणे अवघड नाही. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनंतर परवान्याचा क्रमांक असतो. केवळ चिन्ह छापलेले असून क्रमांक नसतील, तर ते चिन्ह संशयास्पद मानावे. ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल ॲपमध्ये परवान्याचा क्रमांक टाकल्यास परवानाधारकाचे नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की संपला आहे, ही माहिती दिसते. याच ॲपवरून तक्रारही नोंदविता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावती हवी. आठवडी बाजारातील खरेदीत पावती मागण्याची सवय नसते. पण औद्योगिक बुटासारखी वस्तू पावतीशिवाय घेणे म्हणजे आपला हक्क दुकानातच सोडून येणे होय.

चिन्हाविना असलेली प्रत्येक चप्पल बेकायदेशीर वा निकृष्ट असते, असा समज मात्र करून घेऊ नये. सवलतीच्या कक्षेतील लहान उत्पादकाची चप्पल चिन्हाविनाही उत्तम असू शकते. तिची पारख ओळखीच्या कारागिराच्या शब्दावर आणि पूर्वीच्या अनुभवावर करावी लागते. याउलट, मोठ्या कारखान्याचा किंवा परदेशातून आलेला माल आदेशाच्या कक्षेत असूनही चिन्हाविना विकला जात असेल, तर त्याविषयी विचारणा करण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

व्यापाऱ्यांनीही आदेशांतील बदलांकडे लक्ष ठेवले पाहिजे. गुणवत्ता नियंत्रण आदेशांमुळे उत्पादनखर्च वाढतो व कच्चा माल मिळण्यात अडचणी येतात, अशी तक्रार अनेक उद्योगांनी केली. तिचा विचार होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम तंतू व प्लॅस्टिकचा कच्चा माल यांच्यावरील काही आदेश केंद्र शासनाने मागे घेतले. कोणत्या वस्तूला कोणते बंधन आहे हे काळाबरोबर बदलू शकते. म्हणून माल भरण्यापूर्वी ब्यूरोचे संकेतस्थळ पाहणे किंवा नागपूर कार्यालयाशी संपर्क साधणे श्रेयस्कर.

कायदा आणि जागरूकता

सक्तीचा कायदा झाला म्हणजे निकृष्ट वस्तू बाजारातून नाहीशी होते, असे नाही. कारखान्याच्या दारावर तपासणी करणारा अधिकारी प्रत्येक आठवडी बाजारात उभा राहू शकत नाही. तेथे ग्राहकाची नजर हीच शेवटची तपासणी ठरते. शाळांमधून मानक क्लब स्थापन करण्याचा ब्यूरोचा उपक्रम या दृष्टीने उपयुक्त आहे. चिन्ह वाचायला शिकलेले मूल घरातील मोठ्यांनाही ते वाचायला शिकवू शकते.

पादत्राणांच्या दर्जानियंत्रणाचे यश किती परवाने दिले गेले, यावरून मोजता येणार नाही. राईस मिलमधील हमालाचा पाय घसरला नाही, यंत्रावरील कामगाराची बोटे शाबूत राहिली, शाळकरी मुलाचा बूट वर्षभर टिकला आणि गावातील चर्मकाराच्या हाताला काम राहिले, तरच हे आदेश सार्थकी लागले असे म्हणता येईल. मोठ्यांवर बंधन, लहानांना आधार आणि ग्राहकाला माहिती या तिन्ही गोष्टींची जोड असेल, तर तेंदूपत्त्याच्या जंगलात जाणाऱ्या पायालाही शहरातल्या पायाइतकेच संरक्षण लाभेल.